लॉगबुकमधला ‘आर’ म्हणजे नापास नव्हे

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. नीटला तिला 645 गुण होते. मी रोज रात्री तिच्याकडून लॉगबुकचे, म्हणजे केलेल्या कौशल्यांच्या नोंदवहीचे, फोटो मागवतो. फिजिऑलॉजीत रक्तदाब मोजण्याच्या नोंदीसमोर सरांनी ‘बी’ आणि ‘आर’ लिहिलंय. म्हणजे नापासच ना? सीनिअर म्हणतात, लॉगबुक एका रात्रीत उतरवून काढता येतं. ती हल्ली फोनवर ‘हो’, ‘बरं’ एवढंच बोलते, मेसमध्येही नीट जेवत नाही. विभागप्रमुखांना भेटून शेरा बदलून घेऊ का? खेड्यातल्या कुटुंबांच्या भेटींत वेळ घालवण्यापेक्षा नीट-पीजीचा, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, ऑनलाइन क्लास आत्ताच लावू का?

उत्तर : गुरुजी, तुमच्या पत्रातल्या ‘आर’ची मला काळजी वाटली नाही. रोज रात्रीच्या फोटोंची वाटली. मुलगी दिवसभर डिसेक्शन हॉल, लेक्चर, प्रॅक्टिकल करून खोलीवर येते आणि झोपण्याआधी वडिलांना वही दाखवते. त्यातून ती एवढंच शिकते की चूक घरी कळली की रात्र वाईट जाते. चूक झाकायची वाट सीनिअरनी तिला दाखवलेलीच आहे. तरीही ती वही उतरवून काढत नाही, सरांचा खरा शेरा तुम्हाला जसाच्या तसा पाठवते. तिचा हा प्रामाणिकपणा तुमच्या नजरेतून सुटला, याचं मला वाईट वाटलं. उद्या वॉर्डात तिच्या हातून औषधाचा डोस चुकला, तर ते त्याच क्षणी वरिष्ठांना सांगायचं धैर्य तिला लागेल. ते तुम्ही आत्ता तिच्याकडून काढून घेताय.

आता तुमचा गैरसमज. ‘बी’ म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी, ‘आर’ म्हणजे पुन्हा करा. नापासाचा इथे संबंधच नाही. 2019 च्या बॅचपासून देशभर एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आहे. त्यात कौशल्य आधी पाहायचं, मग मदतीला उभं राहायचं, मग स्वतः करून दाखवायचं आणि जमेपर्यंत पुन्हा करायचं. तुम्ही शाळेत आकारिक मूल्यमापन करता ना? हातच्याची वजाबाकी चुकली तर पोराला जवळ बसवून पुन्हा करायला लावता. सरांनी तेच केलंय. रक्तदाबाचंच घ्या. आधी मनगटाची नाडी धरून, ती लागेनाशी होईपर्यंत पट्टा फुगवायचा, त्याच्या 30 अंक वर न्यायचा, मगच स्टेथोस्कोप लावून हवा सोडायची. नाडी न पाहता मोजलं तर काही रुग्णांत हवा सोडताना ऐकू येणारा नाडीचा आवाज मध्येच गायब असतो आणि वरचा आकडा खूप कमी येतो. म्हणजे ज्याला गोळी हवी, त्याला ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवलं जातं. नीटमधल्या 645 गुणांनी हे हाताला येत नाही. ती परीक्षा पाठ असलेलं आणि समजलेलं तपासते, हात तपासत नाही.

त्यामुळे विभागप्रमुखांकडे अजिबात जाऊ नका. तुमच्या शाळेत एखादा पालक मुलाचा शेरा खोडून मागायला आला, तर तुम्हाला काय वाटेल? शिवाय तो शेरा विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर जात नाही. परीक्षेला बसायला अंतर्गत मूल्यमापनात थिअरी आणि प्रॅक्टिकल मिळून निम्मे गुण लागतात, हजेरी थिअरीला 75 आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के. ठरलेली कौशल्यं पूर्ण झाल्याची सही मात्र लागते, आणि ती पुन्हा करूनच मिळते.

नीट-पीजीचा क्लास पहिल्या वर्षी लावू नका. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री नीट होऊ द्या. खेड्यातल्या भेटींना तर वेळेचा अपव्यय म्हणूच नका. कुटुंब दत्तक उपक्रमात ती ज्यांच्या ओसरीवर बसते, त्या घरांतल्या कुणाला तरी आपला रक्तदाब वाढलाय हे माहीतही नसेल. मोजायचा सराव तिला तिथेच मिळेल, आणि घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलायचं याचाही.

लॉगबुकचे फोटो आजपासून बंद करा. तसं तिला तुम्ही स्वतः सांगा, आईकरवी निरोप नको. या रविवारी होस्टेलला जा, सोबत घरचा डबा न्या आणि अभ्यासाचा विषय काढू नका. नीट न जेवणं आणि तुटक बोलणं किती दिवसांपासून आहे, झोप लागते का, वर्गात कुणी मैत्रीण आहे का, हे तिच्याकडून शांतपणे ऐका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस असंच चाललं असेल तर तिच्या मेंटॉर प्राध्यापकांशी तिने बोलावं. तिला हवं असेल तरच तुम्ही सोबत जा. कॉलेजच्याच रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. होस्टेलवरून आल्यावर मला पुन्हा लिहा, पण या वेळी तिच्या तब्येतीबद्दल.