"प्रिन्सिपल कुठे भेटतील?"

प्रश्न: ताई नमस्कार, मी न्यू जर्सीत एका पब्लिक स्कूलमध्ये सब्स्टिट्यूट टीचर आहे. आमच्या प्रिन्सिपल ब्लॅक आहेत, डॉक्टरेट केलेल्या, पण मीटिंगमध्ये गोऱ्या असिस्टंट प्रिन्सिपलना सगळे 'डॉक्टर' म्हणणार आणि बाईंना सरळ पहिल्या नावाने हाक. पालक ऑफिसात येतात आणि त्यांनाच विचारतात, प्रिन्सिपल कुठे भेटतील? परवा एक जण म्हणाले, "अरे वा, तुम्ही किती छान बोलता!" बाई हसून सोडून देतात. नवरा म्हणतो एवढ्या तेवढ्याला वंशभेद म्हणायचं का. मला बघवत नाही, पण मी साधी सब्स्टिट्यूट, काय करू?

उत्तर: बघवत नाही हेच बरोबर आहे हो. यातली एकेक गोष्ट सुटी काढून बघितली तर किरकोळच वाटणार, तुमच्या मिस्टरांचं तेच झालंय. पण बाईंच्या वाट्याला हे रोज येतं, म्हणजे शाळा तर चालवायचीच आणि वर ही शाळा मीच चालवते हेही रोज पटवून द्यायचं. हार्वर्डचे ब्लॅक मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पीअर्स यांनी १९७० मध्ये याला मायक्रोॲग्रेशन, म्हणजे रोजचे बारीकसारीक अपमान, म्हटलं, ते हेच सांगायचे की खरा त्रास साठत जाण्याचा असतो.

नावाचंच घ्या. १९६३ साली अलाबामात सरकारी वकील भर कोर्टात नुसतं 'मेरी' म्हणाला तेव्हा मेरी हॅमिल्टन या ब्लॅक कार्यकर्तीने उत्तरच द्यायला नकार दिला, 'मिस हॅमिल्टन' म्हणा मग बोलते. गोऱ्या बायकांना मिस, मिसेस आणि ब्लॅक बायकांना नुसतं नाव, ही तिथली रीतच होती. जजने ५ दिवस जेल आणि ५० डॉलर दंड ठोठावला, केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९६४ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. आता सांगा, मीटिंगमध्ये एकाला डॉक्टर आणि दुसरीला पहिलं नाव हे किरकोळ कसं? केसांचंही तेच, ब्लॅक बायकांनी बारीक वेण्या (ब्रेड्स) घातल्या की 'प्रोफेशनल दिसत नाही', शेवटी २०१९ मध्ये आधी कॅलिफोर्निया, मग न्यूयॉर्क आणि तुमच्या न्यू जर्सीलाही केसांवरून भेदभाव करायचा नाही असा कायदा करावा लागला.

बाई हसून सोडतात म्हणजे त्यांना लागत नाही असं समजू नका. असिस्टंट साहेब आवाज चढवून बोलले तर ते 'कडक', बाई तेच बोलल्या तर लगेच 'अँग्री ब्लॅक वुमन', आणि तो शिक्का बसला की पुढचं इव्हॅल्युएशनसुद्धा त्याच चष्म्यातून होतं. मला यातलं सगळ्यात वाईट हेच वाटतं, की तक्रार करायची सोयच ठेवलेली नाही.

तुम्ही काय कराल? जे करायचं ते तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. तुम्ही स्वतः कायम 'डॉक्टर' आणि आडनाव म्हणा, मुलांसमोर पण. पालकांनी विचारलं की लगेच "या आमच्या प्रिन्सिपल, डॉक्टर अमुक", झालं. बाईंचा मुद्दा दुसऱ्याने स्वतःचा म्हणून मांडला तर "हो, हे मघाशी डॉक्टरांनीच सुचवलं होतं" एवढं बोलायला सब्स्टिट्यूट असलं तरी चालतं. नंतर केबिनमध्ये जाऊन "मला किती वाईट वाटलं" असं मात्र सांगत बसू नका, मग त्यांनाच तुमची समजूत काढावी लागते, आणि त्यांना न विचारता एचआरकडे तर मुळीच जाऊ नका. अजून एक, हे 'प्रिन्सिपल कुठे' विचारणारे सगळे गोरेच असतात असं नाही, आपलेही पालक असतात, आणि त्यांना मराठीत चार शब्द सुनवायला तुमच्याइतकं जवळचं तिथे दुसरं कोण आहे?