बुडालेला किल्ला

प्रश्न : लात्व्हियाचे संगीतकार याझेप्स वीतोल्स यांना त्या देशात एवढा मान का आहे?

उत्तर : १८६३ साली वाल्मिएरा येथे जन्मलेले वीतोल्स सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव यांच्याकडे शिकले आणि तेथेच अध्यापक झाले, पुढे संगीतकार म्हणून गाजलेले प्रोकोफिएव्ह हे त्यांचे शिष्य. १९१८ साली मायदेशी परतल्यावर त्यांनी राजधानी रीगाच्या ऑपेराची धुरा वाहिली व १९१९ साली तेथील संगीत विद्यालय स्थापन केले, जे आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

मात्र लोकांच्या मनात ते आहेत ते ‘गाइस्मास पिल्स’ (प्रकाशाचा किल्ला) या, वाद्यांच्या साथीविना गायल्या जाणाऱ्या, १८९९ सालच्या समूहगीतामुळे. त्यात बुडालेला प्रकाशाचा किल्ला पुन्हा वर येतो. गमावलेले स्वातंत्र्य परत मिळण्याचे हे रूपक न कळण्याइतके पुढच्या काळातले सोव्हिएत सत्ताधीश भोळे नव्हते. १९८५ सालच्या गीतमहोत्सवात हे गीत कार्यक्रमातून वगळले होते, तरी कार्यक्रम संपल्यावर गायकांनी, समूहगायनाच्या संचालनापासून दूर ठेवलेले वृद्ध संचालक हाराल्ड्स मेद्निस यांचे नाव पुकारत त्यांना मंचावर आणले आणि ते गाऊनच सोडले. स्वतः वीतोल्स १९४४ साली देश सोडून जर्मनीत गेले होते आणि १९४८ साली ल्यूबेक येथे त्यांचे निधन झाले.