‘देवावर भरवसा होता ना?’

प्रश्न : माझे पती दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहेत. भेटीला येणारे नातेवाईक ‘एवढी प्रार्थना करतेस, मग तुझा देव ऐकत का नाही?’ असे तोंडावर बोलतात. परवा प्रार्थना करताना मी ‘देवा, तू मला का टाकलेस?’ असे म्हणाले, तेव्हा आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका वडीलधाऱ्या बाईंनी हे अविश्वासाचे बोलणे आहे, असे सांगितले. माझा विश्वास खरोखरच उणा पडला आहे का?

उत्तर : प्रिय भगिनी, तुमच्या तोंडून निघालेला प्रश्न पवित्र शास्त्रातलाच आहे. दाविदाच्या नावावर असलेले 22वे स्तोत्र त्याच प्रश्नाने सुरू होते, आणि वधस्तंभावर प्रभू येशूने मोठ्याने ओरडून तोच विचारला : ‘एली, एली, लमा सबखथनी?’ म्हणजे, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ जी प्रार्थना प्रत्यक्ष प्रभूने केली तिला अविश्वास म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिवाय, ‘का’ विचारण्याआधी तो दोनदा ‘माझ्या देवा’ म्हणतो, हेही पाहा. ज्याने देवाशी नाते तोडले आहे तो रात्री-अपरात्री त्याचेच दार ठोठावत नाही.

आता तुमच्या नातेवाइकांच्या बोलण्याविषयी. त्या स्तोत्रातले लोकही ओठ वाकडे करतात, मान हलवतात आणि म्हणतात की, याने आपला भार परमेश्वरावर टाकला होता, तर आता त्याने याला सोडवावे. ‘भार टाकणे’ यासाठी असलेल्या मूळ इब्री (हिब्रू) शब्दाचा अर्थ ‘लोटणे’ असा आहे, जसा एखादा जड धोंडा लोटावा तसा. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 27व्या अध्यायात मुख्य याजक, शास्त्री आणि वडीलजन वधस्तंभासमोर उभे राहून जवळजवळ हेच शब्द बोलतात. देव सोबत असता तर दुःख कधीच सरले असते, हे त्यांचे माप होते, आणि तुमच्या घरी येणारे लोक आज तेच माप तुम्हाला लावत आहेत. ते खरे मानले, तर वधस्तंभाच्या त्या शुक्रवारी देव येशूसोबत नव्हता असे म्हणावे लागेल. आणि ते तर आपण मानत नाही.

स्तोत्रकर्ता त्या लोकांशी वाद घालत बसत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांची चेष्टा ऐकल्यावर तो लगेच देवाकडे वळतो आणि म्हणतो की, मला आईच्या उदरातून बाहेर काढणारा तूच आहेस, आईच्या अंगावर दूध पीत होतो तेव्हापासून मला भरवसा ठेवायला तूच शिकवलेस. त्या घटकेला त्याची जीभ टाळूला चिकटली आहे, हाडे निखळली आहेत, तरीही त्याला आठवते ती आईची कूस. चार लोकांना पटेल असे उत्तर त्याच्यापाशी नाही, आणि ते तुमच्यापाशीही असण्याची गरज नाही.

तुमचे पती बरे होतीलच, असे मी लिहू शकत नाही. येशूने मोठा आक्रोश करून आणि अश्रू गाळून विनवण्या केल्या व त्याचे ऐकण्यात आले, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 5व्या अध्यायात म्हटले आहे. तरीही तो वधस्तंभावरून जिवंत उतरला नाही, मरणातून तिसऱ्या दिवशी उठला. ऐकले जाणे आणि संकट टळणे या दोन गोष्टी एकच नाहीत, हे मान्य करताना माझेही मन जड होते. पण त्याच स्तोत्राच्या 24व्या ओवीत म्हटले आहे की, परमेश्वराने पीडिताच्या पीडेचा वीट मानला नाही आणि त्याच्यापासून आपले मुख लपवले नाही.

रात्री पतीच्या उशाशी बसाल तेव्हा हे स्तोत्र सावकाश, त्यांना ऐकू जाईल असे वाचा. पहिल्या दोन ओव्यांपुढे जाववले नाही, तर तेथेच थांबा आणि दुसऱ्या रात्री तेथूनच पुढे वाचा.