विलीज एमबी जीपला नंतरच्या सीजे-३बी जीपचा मागचा ॲक्सल चालेल का?

बसवता येतो, पण पुढचा तसाच ठेवून फक्त मागचा बदलू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या एमबीला पुढे आणि मागे दोन्हीकडे ४.८८ चा रेशो असतो: क्राउनला (ॲक्सलमधल्या मोठ्या गिअरला) ३९ दात, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ८. सीजे-३बीचा ५.३८, म्हणजे ४३ आणि ८. टू-व्हीलवर गाडी बिनतक्रार पळते. फोर-व्हील टाकला की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना ओढू लागतात, कारण पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये, दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल नाही. डांबरी रस्त्यावर टायर घासतात, लीव्हर अडकून बसतो आणि शेवटी कुठले तरी दात जातात.

भंगारातला ॲक्सल घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. त्यातले गिअर पूर्वी कुणी बदललेले असू शकतात. एक हब घट्ट अडकवा, पिनियनच्या फ्लँजवर (प्रोपेलर शाफ्ट जोडायच्या चकतीवर) खडूची रेघ मारा आणि दुसरा हब बरोबर १६ वेळा फिरवा. फ्लँजचे फेरे ३९ भरले तर ४.८८, ४३ भरले तर ५.३८. कव्हर उघडायचीही गरज नाही.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एमबीचा ॲक्सल फुल-फ्लोटिंग आहे. वजन हबच्या बेअरिंगवर येतं, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं. सीजे-३बीत हब टेपर (निमुळत्या) शाफ्टवर चावी (खाचेत बसणारी पट्टी) आणि नटाने धरलेला असतो. नट सैल राहिला की चावी कापली जाते आणि टेपर खराब होतो. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळा, मागे घेऊ नका. हब पुलरनेच काढा.

म्हणून हौजिंग (ॲक्सलचं बाहेरचं कवच) वाकलेलं नसेल तर मूळचाच ॲक्सल दुरुस्त करा. क्राउन-पिनियनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.१३ ते ०.१८ मिमी ठेवा. हबचा आतला नट चाक जड फिरेपर्यंत आवळून साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्या, मग लॉक वॉशर आणि बाहेरचा नट. तेल ९० नंबरचं हायपॉइड, सुमारे १.२ लिटर. ब्रीदर (हौजिंगमधली हवा बाहेर सोडणारं भोक) तारेने साफ करा. तो बुजलेला असला तर गरम हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते, ब्रेक शू भिजतात आणि दोष नव्या सीलला दिला जातो.

शाफ्ट ओढण्याआधी पुढच्या चाकांना ठोकळे लावा. एमबीचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे आहे. हबचे सहा बोल्ट काढून शाफ्ट बाहेर आला की हँडब्रेक असून नसल्यासारखा.