केनियाचं पिवळं कार्ड लागतं ते परत येताना

‘एजंट म्हणतो यलो फीवरची लस ऐच्छिक आहे’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. नाशिकहून तुम्ही दोघं, सातवीतला मुलगा, 68 वर्षांच्या आई, निघायला 14 दिवस आणि केनियात 9 दिवस. तुम्ही विचारलंय डॉलर कसे न्यावेत आणि मसाई मारा अभयारण्यात किती रात्री राहावं. ते शेवटी सांगतो, आधी लसीचं बघा. माझे सगळ्यात जास्त पैसे आणि दिवस याच एका गोष्टीत गेलेत.

एजंट खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय. यलो फीवर असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे केनिया पिवळं कार्ड, म्हणजे ही लस घेतल्याचा दाखला, मागतो. भारतात हा ताप नाही, त्यामुळे मुंबईहून थेट गेलात तर नैरोबीत बहुधा कोणी विचारणार नाही. कार्ड मागतो तो भारत, परतीला. हा ताप पसरवणारा डास, डेंग्यूवालाच, आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. नाही तो फक्त विषाणू, म्हणून विमानतळावरचे आरोग्य अधिकारी याबाबतीत ऐकून घेत नाहीत. केनिया भारताच्या यादीत आहे. वैध कार्ड नसेल तर थेट विलगीकरण, 6 दिवसांपर्यंत. अदिस अबाबामार्गे तिकीट असेल तर इथियोपियाही त्याच यादीत आहे. नैरोबीत चेक-इनलाच विमानकंपनी कार्ड मागू शकते, तेव्हा मुंबईत उतरून रदबदली करू या भरवशावर राहू नका.

आता दिवसांचं गणित. लस घेतल्यापासून 10 दिवसांनी कार्ड वैध होतं: 3 तारखेला टोचली तर 13 पासून. पुढे ते आयुष्यभर चालतं. 2016 च्या जुलैपासून दहा वर्षांची मुदत गेली, तरी जुन्या कार्डावर ती छापलेली दिसते म्हणून घाबरू नका. तुमच्या हातात 14 दिवस आहेत, म्हणजे येत्या चार दिवसांत लस झाली तर निघतानाच कार्ड वैध असेल. तेही हुकलं तरी परत यायला 20 दिवसांहून जास्त आहेत, त्यामुळे भारतात उतरताना कागद चालेल; फक्त तिथले पहिले काही दिवस शरीरात संरक्षण पुरतं तयार झालेलं नसेल. हा हिशोब एजंट मांडून देत नाहीत. एकतर ‘लागत नाही’ म्हणतात, नाहीतर ‘आता उशीर झाला’ म्हणतात.

लस फक्त सरकारमान्य केंद्रावरच मिळते, फॅमिली डॉक्टर देऊ शकत नाही. आरोग्य मंत्रालयाची यादी बघा, आणि जाण्याआधी फोन कराच. एका कुपीत अनेक डोस असतात आणि उघडली की ती काही तासांत संपवावी लागते. म्हणून बरीच केंद्रं ठरावीक वारीच, माणसं जमवून टोचतात. साठा संपलेला असणंही नेहमीचंच. लस न घेता नुसतं कार्ड करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना दारात उभं करू नका.

आणि खरा घोटाळा कार्डातच होतो. टेबलावरून उठायच्या आधी तिथेच उभं राहून वाचा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, मधल्या नावासकट. पासपोर्ट क्रमांक एकेक आकडा बोट ठेवून. जन्मतारीख, लसीचा बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही, केंद्राचा अधिकृत शिक्का. तुमची सही तुम्हीच करायची, मुलाच्या कार्डावर पालकांनी. खाडाखोड किंवा एखादा रिकामा रकाना, एवढ्यावर कार्ड अवैध ठरू शकतं. आंतरराष्ट्रीय नियमातच तसं आहे. एका केंद्राने मला आकडा गिरवून दुरुस्त केलेलं कार्ड दिलं, वर ‘चालतं हो’ म्हणाले. चाललं नाही. नवीन कार्डच मागा, रांग कितीही खोळंबू दे. मध्ये पासपोर्ट बदलला असेल तर जुनाही बरोबर ठेवा.

आईंचं वेगळं. मी डॉक्टर नाही, पण साठीपुढे ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रासाचा धोका थोडा वाढतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी, केमो, स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका. वैद्यकीय कारणाने सूटपत्र मिळतं, पण उतरल्यावर निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा. त्या घेणार नसतील तर परतल्यावरचे सहा दिवस मोकळे धरूनच तिकीट काढा. मुलाला गोवरासारखी दुसरी जिवंत लस द्यायची असेल तर त्याच दिवशी, नाहीतर चार आठवडे सोडून. मलेरियाच्या गोळ्या हे वेगळं प्रकरण. यलो फीवरची लस घेतली म्हणून त्या टाळू नका.

बाकीचं पटापट. 2024 पासून व्हिसा गेला, ईटीए आला, म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन काढायची प्रवास परवानगी. प्रत्येकाचा वेगळा, मुलाचाही, माणशी साधारण 30 डॉलर. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट दुप्पट-तिप्पट उकळतात, पत्त्याचा शेवट ‘गो डॉट केई’ आहे ना बघा.

मसाई माराचं शुल्क परदेशी प्रौढाला दिवसाला 100 डॉलर, जुलै ते डिसेंबर 200. (शुल्कं बदलतात, पैसे भरण्याआधी खात्री करा.) ते पॅकेजमध्ये धरलंय का, आणि किती दिवसांचं, हे लेखी घ्या. माझं मत विचाराल तर मारात तीन रात्री आणि अंबोसेली किंवा नाकुरू या उद्यानांपैकी एकच. तिन्ही कोंबलीत तर आईंच्या वाट्याला गाडीतले हादरेच येतील.

डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या न्या. 2009 आधीच्या किंवा फाटक्या नोटा बरेच जण घेत नाहीत, आणि लहान नोटांना भाव कमी देतात. रोजचं सगळं एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे देऊन, चालतं. पासपोर्ट दाखवून सफारीकॉम कंपनीचं सिम घ्या आणि तिथेच एम-पेसा सुरू करून मागा. प्लग इंग्लंडसारखे, तीन चौकोनी पिनांचे.

चिवडा-लाडू न्या, पण कॅरीबॅगमध्ये नको! 2017 पासून तिथे प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. डबे किंवा कापडी पिशव्या घ्या. राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटल्याही चालत नाहीत, स्टीलची घ्या. जेवणाची काळजी नको, चपाती तिथेही ‘चपाती’च आहे आणि गाडी ‘गारी’. सफारीला काळे आणि गडद निळे कपडे नकोत, चावणारी त्सेत्से माशी त्याकडे ओढली जाते. नैरोबी जवळपास 1,800 मीटर उंचीवर आहे, पहाटेच्या फेरीला आईंना स्वेटर आणि कानटोपी लागेलच.

एक राहिलं. स्वाहिलीत घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, ‘सा मोजा’ म्हणजे शब्दशः एक वाजता, पण वेळ सकाळी सातची. ड्रायव्हरने स्वाहिलीत वेळ सांगितली तर इंग्रजीत पुन्हा विचारून घ्या.

केंद्राचा वार आणि तारीख कळली की इथेच लिहा, दिवस मोजून देतो.