नेवाळीत काय होते: विमानतळ, धावपट्टी की हवाई तळ?

प्रश्न असा: कल्याणजवळच्या नेवाळीबद्दल कुणी 'जुना विमानतळ' लिहितो, कुणी 'धावपट्टी', कुणी 'हवाई तळ'. योग्य शब्द कोणता?

आधी धावपट्टी. विमान ज्यावरून धावत उडते किंवा उतरते, तेवढाच पट्टा. (घरपट्टी, पाणीपट्टीच्या रांगेतली ही पट्टी नव्हे, खेळपट्टीची बहीण.) एका विमानतळावर दोन-तीन धावपट्ट्या असू शकतात. मुंबईच्या दोन एकमेकींना छेदतात: ०९/२७ आणि १४/३२. हे आकडे होकायंत्राच्या दिशेचे, शेवटचे शून्य गाळून. २७ म्हणजे साधारण २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. त्याच पट्टीवर उलट्या बाजूने निघालात की ०९. म्हणून '०९ आणि २७ या दोन धावपट्ट्या' हे वाक्य चूक. पट्टी एकच, नावे दोन.

विमानतळातला 'तळ' मात्र भांड्याच्या बुडाचा नाही, छावणीचा. तळ ठोकणे, तळ हलवणे यांतला. त्यात धावपट्टी, विमाने उभी करायची जागा, इंधन, माणसांच्या बराकी, कुंपणापर्यंतची जमीन असे सगळे येते. तळ ठोकला जातो, म्हणजे पुल्लिंगी. त्या न्यायाने 'विमानतळ सुरू झाला' हेच मला पटते. 'सुरू झाले' हेही सर्रास छापून येते, पण 'विमानतळं' हे अनेकवचन वाचले की पाण्याची तळी आठवतात.

नेवाळीची जमीन इंग्रज सरकारने दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानांसाठी घेतली. तेव्हाच्या संदर्भात 'हवाई तळ' सर्वांत नेमका, कारण मराठीत तो लष्कराला लावतात आणि 'विमानतळ' म्हटले की प्रवासी डोळ्यांपुढे येतात. जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले ते सगळ्या तळाच्या जमिनीवरून. तिथे 'धावपट्टीची जमीन' लिहिले तर वाद काही मीटर रुंदीच्या पट्ट्याचा वाटतो.

उरला 'जुना'. जुहूचा विमानतळ १९२८ चा, आजही हेलिकॉप्टरे उडतात, तो जुना. नेवाळीला 'पूर्वीचा हवाई तळ' म्हणावे. तळ उठला तरी पट्टी मागे राहू शकते, म्हणून नुसत्या उरलेल्या पट्ट्याबद्दल बोलायचे असेल तर 'जुनी धावपट्टी' चालेल.