स्नायू निरोप नेत नाही

प्रश्न : ‘भीतीचा संदेश आतड्यांकडून स्नायूंमार्फत मेंदूला पोचतो’ असं एका आरोग्यविषयक लेखात वाचलं. स्नायू म्हणजे मसल ना?

हो, मसलच. लेखकाने हिंदीतून उचललं आणि तसंच ठेवलं. हिंदी-बंगालीत स्नायु म्हणजे नर्व्ह. आपल्याकडे तिला मज्जातंतू किंवा चेतातंतू म्हणतात. ‘स्नायुतंत्र बळकट करा’ अशी जाहिरात कानावर पडली की माझं डोकं फिरतं. ऐकणाऱ्याने व्यायामशाळेत जायचं की मेंदूच्या डॉक्टरकडे?

पण मूळ संस्कृत स्नायु यांतला एकही नाही! सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 900 स्नायू मोजले आहेत आणि दाखला नावेचा दिला आहे : फळ्या पुष्कळ दोरांनी आवळल्या की नाव पाण्यात भार पेलते, तसं हे शरीर सांध्यांपाशी स्नायूंनी बांधलेलं. कोंबडीची तंगडी साफ करताना नळीच्या टोकाशी सुरीलाही दाद न देणारी पांढरी, चिवट दोरी लागते ना, ती स्नायु.

आणि ग्रीक ‘नेउरॉन’ हा याच स्नायुचा भाऊ. पारशांच्या जुन्या धर्मग्रंथातल्या, अवेस्तातल्या ‘स्नावर’मध्ये सुरुवातीचा स शाबूत आहे, ग्रीकांनी तो गिळला. होमरच्या काव्यात धनुष्याच्या दोरीला याच कुळातला शब्द आहे. लॅटिनमध्ये र आणि व यांनी जागा बदलल्या, आपल्या ‘नुकसान’चं ‘नुसकान’ होतं तशा, आणि ‘नेर्वुस’ झालं. इंग्रजी नर्व्ह त्यातूनच. अर्थ सगळीकडे आधी दोरीचाच. पुढे अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि एरासिस्ट्राटस या ग्रीक वैद्यांनी प्रेतं उघडून पाहिली आणि यांतल्या काही पांढऱ्या दोऱ्या मेंदूशी जोडलेल्या आहेत हे ओळखलं. नाव तेच राहिलं. 1891 साली वाल्डायर या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने चेतापेशीला ‘न्यूरॉन’ म्हटलं. आज प्रयोगशाळेत कुणी न्यूरॉन म्हणतं, तेव्हा तोंडात स्नायुच असतो.

यावरून ‘सुश्रुताला मज्जातंतू ठाऊक होते’ असं सांगणारे, आणि त्या 900 स्नायूंचं भाषांतर बेधडक नर्व्ह करणारे विद्वान आहेत. त्यांनी नावेचा दाखला वाचलेलाच नाही. फळ्या बांधणारे दोर निरोप नेत नाहीत. सुश्रुताने जे पाहिलं ते इतकं नेमकं सांगितलं आहे की त्याच्या पदरात दुसरं काही टाकणं हा त्याचाच अपमान आहे.

मग एकाच शब्दाचे आपल्याकडे मसल आणि तिकडे नर्व्ह असे दोन अर्थ कसे झाले? माझं मत असं : बंगाली भाषांतरकारांनी नर्व्हचा जुना, दोरीचा अर्थ धरून स्नायु निवडला असावा. आपल्याकडे दोरीचं नाव तिला चिकटलेल्या मांसाकडे सरकलं.

तुमच्या वाक्यात ‘मज्जातंतूंमार्फत’ हवं. भीतीने पोटात गोळा येतो तेव्हा आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूंची हालचाल बदललेली असते, आणि ती खबर मेंदूला देतो तो व्हेगस, म्हणजे मज्जातंतू.